साडेतीन हजारांच्या चौदाशे कशा झाल्या? शिबपूरच्या बागेबद्दल एक लांबलेलं उत्तर

प्रश्न असा आहे: "मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. सहलीत हावड्याजवळच्या शिबपूरची वनस्पती बाग पाहिली. तिथे सांगितलं की बारा हजारांवर झाडं आणि चौदाशेच्या आसपास जाती आहेत. परत आल्यावर वाचलं की १८१४ साली याच बागेत साडेतीन हजार जाती होत्या. म्हणजे बाग खालावली का? तसं पाहिलं तर झाडं नगरपालिकेच्या उद्यानातही असतात, मग वनस्पती उद्यान वेगळं कशानं? आणि मूळ खोडच नसलेल्या त्या वडाला अडीचशे वर्षांचा कसं म्हणायचं?"

तीन प्रश्न विचारलेत, पण माझ्या लेखी ते एकच आहेत. मी तीसेक वर्षं जिवंत संग्रहांवर काम केलं, त्यातली बरीचशी महाविद्यालयाच्या बागेत, पावसाळी चपला घालून. शिबपूरला अनेकदा गेलो. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

बाग १७८७ साली सुरू झाली. कर्नल रॉबर्ट किड हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी, शास्त्रज्ञ नव्हे. १७७० च्या बंगालच्या दुष्काळाची आठवण ताजी होती. १७८६ मध्ये त्यानं सरकारला लिहिलं की साबुदाण्याचा माड, खजूर अशी दुष्काळात पोट भरणारी झाडं इथे लावून पाहावीत. कंपनीला माडापेक्षा मसाल्यात आणि जहाजांसाठीच्या सागात जास्त रस होता. केवळ नवलाच्या वनस्पती जमवायच्या नाहीत, उपयोगी झाडांची रोपं वाढवून वाटायची, हे किडनं स्वतःच लिहून ठेवलं होतं. थोडक्यात ती सरकारी रोपवाटिका होती. जायफळ, लवंग, दालचिनी बंगालच्या हवेत पीक म्हणून साधली नाहीत. सागही त्या गाळाच्या जमिनीत नीट झाला नाही, आणि सागाखालच्या जमिनीचा एक तुकडा पुढे बिशप कॉलेजला दिला गेला. आज तिथे अभियांत्रिकी संस्था आहे. म्हणजे ज्या कारणासाठी बाग काढली ते कारण जवळजवळ सगळंच फसलं. वनस्पती उद्यानांच्या इतिहासात हे नेहमीचंच आहे.

किड १७९३ मध्ये वारला आणि विल्यम रॉक्सबर्ग आला. हा मूळचा सर्जन. आंध्रातल्या सामलकोटला त्यानं अनेक वर्षं झाडं लावली, तपासली, चितारून घेतली होती. पुस्तकात वनस्पतीच्या नावापुढे "रॉक्सब." असं येतं, तो हाच. शिसव, शिवण, तेंदू ही आपल्या रानातली नावं काढून पाहा, तिन्हींच्या मागे रॉक्सबर्ग आहे. सीताअशोकही शास्त्रात त्याच्याच हातून आला. त्यानं भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून जास्त चित्रं काढून घेतली. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. रॉक्सबर्गचं नाव मात्र प्रत्येक शिसवीमागे आहे. असो.

१८१३ मध्ये तो आजारी होऊन निघाला आणि बागेत काय काय आहे त्याची यादी मागे ठेवून गेला. १८१४ मध्ये ती श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम कॅरीनं छापली. हा कॅरी मराठी माणसाला परका नाही. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश छापणारा मिशनरी तोच. त्याला बागकामाचं अतोनात वेड होतं. आपल्याकडे सह्याद्रीत ज्याला कुंभा म्हणतात, त्या झाडाच्या प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, रॉक्सबर्गनं कॅरीचं नाव दिलं. पुढच्या वेळी कुंभ्याची जाड, दंतुर, लाल होऊन गळणारी पानं दिसली की आठवा.

तुम्ही वाचलेला साडेतीन हजारांचा आकडा या यादीतला आहे. पण आकड्यावर थांबू नका, यादीचे रकाने बघा. जातीचं नाव, देशी नाव, मूळ ठिकाण, ती कोणी दिली, कोणत्या साली आली, फुलते कधी, बी पिकतं कधी. दोनशे वर्षांपूर्वीची ही नोंदवही आजही एखाद्या बागेच्या अभिलेख कक्षात चालून जाईल. वनस्पती उद्यान आणि पालिकेचं उद्यान यांतला फरक नेमका या रकान्यांत आहे. पालिकेच्या माळ्याला विचारलं, हा बहावा कुठला, तर तो म्हणेल नर्सरीतून आणला, आणि त्याचं काही चुकलं नाही. त्याचं काम सावली आणि फूल. वनस्पती उद्यानात मात्र प्रत्येक रोप आत येताना त्याला एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाखाली लिहिलेलं असतं की बी अमुक डोंगराच्या अमुक उतारावरून, अमुक तारखेला, अमक्यानं गोळा केलं. किंवा दुसऱ्या बागेकडून आलं. किंवा प्रामाणिकपणे, उगम अज्ञात. तो क्रमांक रोपाबरोबर कुंडीतून वाफ्यात आणि वाफ्यातून जमिनीत जातो. रोप मेलं तरी क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. मेल्याची तारीखही त्याच ओळीत लिहायची.

हे बोलायला सोपं आहे. मी तरुण असताना ज्या बागेत होतो, तिथे एका पावसाळ्यानंतर पाट्या गंजल्या म्हणून त्या सगळ्या उतरवून रंगाऱ्याकडे दिल्या गेल्या. रंगाऱ्यानं काम सुबक केलं. पाट्या परत लावल्या गड्यांनी, ज्याला जिथे खिळा दिसला तिथे. दोन वर्षं आमच्याकडे अर्जुन ऐनाच्या नावानं उभा होता आणि परीक्षेत मुलांनी तसंच लिहिलं. अर्जुन आणि ऐन ओळखून दुरुस्त करता आले. पण दोन कोपऱ्यांतून आणलेल्या, दिसायला सारख्याच जांभळांपैकी कोणतं कुठलं, हे कायमचं गेलं. झाडं जिवंत होती, संग्रह मेला होता. तेव्हापासून मी पाटीवर कधीच विसंबलो नाही. नकाशा, नोंदवही आणि झाडाला तारेनं बांधलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, तिन्ही जागी एकच क्रमांक. आणि पाटी ठोकायचीच तर खिळ्यावर स्प्रिंग घालून, नाहीतर खोड वाढतं आणि पाटी गिळून टाकतं.

आता साडेतीन हजारांचं काय झालं ते. पहिली गोष्ट म्हणजे त्या यादीत मोठे वृक्ष होते तशा वर्षायू वनस्पती, वेली, कुंडीतली नाजूक रोपंही होती. अशा गोष्टी दरवर्षी बी धरून पुन्हा पेराव्या लागतात. एक हंगाम चुकला की ओळ रिकामी. दुसरी, त्यातली कित्येक नावं पुढे एकमेकांत विलीन झाली; दोन जाती म्हणून नोंदलेली एकच निघाली. पण हिशेबाच्या या गोष्टी सोडल्या तरी नुकसान खरं आहे, आणि त्याला माणसं आणि वादळं दोन्ही कारणीभूत आहेत.

रॉक्सबर्गनंतर नॅथॅनिएल वॉलिच हा डॅनिश डॉक्टर आला आणि १८४६ पर्यंत होता. देणाराही तोच, घेणाराही तोच. नेपाळ, ब्रह्मदेश, सिंगापूर इथून त्यानं झाडं आणली. साल्विन नदीकाठच्या मर्ताबानजवळ एका मठात त्याला बुद्धमूर्तीपुढे वाहिलेली लालभडक, लोंबत्या झुंबरासारखी फुलं दिसली. ते झाड म्हणजे ॲमहर्स्टिया. आपल्याकडे तिला उर्वशी म्हणतात आणि मुंबईच्या राणीच्या बागेत ती आजही फुलते, पाहिली नसेल तर जरूर पाहा. चीनहून आलेल्या चहाच्या बियांची रोपं १८३५ च्या सुमारास इथेच वाढली आणि आसाम, कुमाऊँकडे गेली. पण याच वॉलिचनं १८२८ मध्ये जमवलेली वाळवलेली रोपं पेट्या भरभरून लंडनला नेली आणि युरोपभर वाटली. युरोपातल्या संग्रहालयांचं भलं झालं. कलकत्त्यात मात्र त्या झाडांचे नमुने ताडून पाहायला काही उरलं नाही. बागेत उभ्या झाडाचं नाव पक्कं करायचं तर शेजारी वाळवलेला नमुना लागतो. तो गेला की जिवंत झाड मुकं होतं.

१८४२ ते १८४४ मध्ये वॉलिच रजेवर असताना विल्यम ग्रिफिथ कामावर होता. बुद्धिमान, तापट, घाईतला माणूस. बाग वनस्पतिशास्त्र शिकवण्यासारखी, कुळांनुसार मांडलेली असावी असं त्याला वाटलं आणि त्यानं कुऱ्हाड चालवली. सायकसची, म्हणजे माडासारख्या दिसणाऱ्या एका प्राचीन वनस्पतीची अख्खी रांग, साग, महोगनी, लवंग, जायफळ, बरंच काही. १८४८ मध्ये जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ आला तेव्हा त्यानं हळहळून लिहिलं की पाहुण्यांना भुरळ घालणारी ती सायकसची वाट कोणत्याही उष्णकटिबंधीय बागेत जोड नसलेली होती. सावली गेल्यामुळे सावलीतली रोपंही करपली. ग्रिफिथ १८४५ मध्ये मलाक्काला वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारला, त्यामुळे त्याची नवी मांडणी कधी वाढलेली दिसलीच नाही. मला त्याच्याबद्दल थोडी सहानुभूती आहे. त्याची कल्पना चुकीची नव्हती. पण झाडांची बाग पुस्तकाच्या कपाटासारखी एका हंगामात पुन्हा लावता येत नाही.

उरलेलं वादळांनी नेलं. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळात हुगळीचं पाणी बागेत शिरलं, जहाजं जमिनीवर आली आणि हजाराहून जास्त झाडं पडली. तीन वर्षांनी १८६७ मध्ये पुन्हा वादळ आलं आणि सुमारे साडेसातशे आणखी गेली. त्यानंतर सावलीच नव्हती. मोकळ्या जागेत रानगवत माजलं. तुम्ही आज जी बाग पाहिली, ती तळी, वळणाचे रस्ते, उंच केलेल्या जमिनी, भूप्रदेशानुसार केलेले विभाग, हे सगळं १८७१ मध्ये बागेचा प्रमुख म्हणून आलेल्या जॉर्ज किंगनं उभं केलेलं. तळ्यांतून निघालेली माती टाकूनच सखल भाग उंच केले. म्हणजे ती तळी शोभेची वाटतात तेवढी शोभेची नाहीत, निचऱ्यासाठी आहेत. १७८७ ची बाग पाहतोय असं वाटत असलं तरी तुम्ही विचारलेला तो महावट आणि थोडी जुनी झाडं वगळता आपण किंगची बाग पाहतो. २०२० च्या अम्फान वादळानं पुन्हा तडाखा दिला, त्यानंतरचा पडझडीचा देखावा मी फक्त छायाचित्रांत पाहिला आणि तेवढं पुरे झालं.

तर तुमच्या "खालावली का" या प्रश्नाला माझं उत्तर असं: संख्या कमी झाली हे खरं, पण नुसत्या जातींच्या संख्येवरून मी कोणत्याच बागेला गुण देणार नाही. एका जातीचं एकच झाड असणं म्हणजे काय, हे शिबपूरच्याच एका माडावरून सांगतो. सेशेल्स बेटांवरचा जोडनारळ, जगातलं सगळ्यात मोठं बी. शिबपूरला त्याचं बी १८९४ मध्ये रुजवलं. या माडात नर वेगळा, मादी वेगळी, आणि इथल्या झाडाला फुलायला शंभरेक वर्षं लागली. फुलल्यावर कळलं की ती मादी आहे. नर भारतात नाही. मग परदेशातून परागकण आणून हातानं परागण करत बसावं लागलं, अनेक प्रयत्न वाया गेले, तेव्हा कुठे फळ धरलं. यादीत मात्र ती इतकी वर्षं एक जात म्हणून मोजली जात होती.

उलट उदाहरण कृष्णवडाचं. पानाचा देठाकडचा भाग वळून द्रोण झालेला असतो. कृष्णानं त्यात लोणी लपवलं अशी गोष्ट सांगतात. कलकत्त्याच्या बागेतल्या झाडावरूनच १९०० च्या सुमारास तो स्वतंत्र जात म्हणून वर्णिला गेला. आज बरेच जाणकार त्याला साध्या वडाचाच एक प्रकार मानतात. बागांमधली त्याची झाडं छाटकलमानं, गुटीनं वाढवलेली आहेत. देशभर शेकडो झाडं असतील, पण आनुवंशिक दृष्टीनं ते एकाच झाडाचे तुकडे. शिबपूरला दोन पानं सारखी नसणारं एक "वेडं झाड"ही दाखवतात. मुलांना ते फार आवडतं, मलाही. पण नवलाचं झाड आणि संग्रहाची विविधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि बागेनं बाहेर काय सोडलं तेही हिशेबात धरा. महोगनी १७९५ मध्ये वेस्ट इंडीजहून इथे आली आणि देशभर रस्त्यांच्या कडेला गेली, छान. पण घाणेरी, हो, आपल्या डोंगरांवर माजलेली तीच रंगीबेरंगी फुलांची, तीही एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शोभेचं झुडूप म्हणून याच बागेतून भारतात शिरली असं मानतात. आज ताडोब्यापासून कोकणापर्यंत कुठेही वनरक्षकाला घाणेरीबद्दल विचारा आणि उत्तर ऐका. त्या काळी बिया पाकिटातून जगभर फिरत. आता परदेशातून रोप आणायचं तर संगरोधाची, म्हणजे रोगकीड आत येऊ नये म्हणून वेगळं ठेवून केलेली तपासणी, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानं इथलं बाहेर पाठवायलाही परवानगी. विद्यार्थी या कागदांना कंटाळतात. घाणेरी उपटायला एक दिवस पाठवावं, कंटाळा जातो.

आपल्याकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती शिबपूरच्या उलटी आहे. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये मुंबई सरकारची वनस्पती बाग सुरू झाली. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन तिथे होता, जो पुढे मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. त्यानं १८४७ ते १८५० मध्ये एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून तिथल्या झाडांची सुमारे १७० चित्रं काढून घेतली. चित्रकाराचं नाव इथेही नोंदलेलं नाही. १८६५ मध्ये बाग बंद झाली. पुढे गणेशखिंडीत नवी झाली. आज दापोडीवरून लोकलनं जाताना बाग होती याचा मागमूस नाही, पण चित्रं एडिनबरोच्या वनस्पती बागेत सुरक्षित आहेत. त्यावरून दापोडीत तेव्हा काय फुलत होतं ते आपल्याला कळतं. शिबपूरला वादळात झाडं गेली तरी १८१४ ची यादी राहिली, इथे बागच गेली आणि चित्रं राहिली.

तुम्ही शिकताय म्हणून कोल्हापूरचंही सांगतो. शिवाजी विद्यापीठाच्या बागेत डॉ. एस. आर. यादव यांनी खरचुडींचा म्हणजे सेरोपेजियांचा जो संग्रह केला, तो जातींच्या संख्येत शिबपूरपुढे चिमूटभर आहे. पण सह्याद्रीच्या कड्यांवरच्या, एखाद-दोन ठिकाणीच उरलेल्या या कंदवेली कुठल्या कातळावरून आल्या हे तिथे माहीत आहे, आणि म्हणून त्या परत नेऊन लावता येतात. शिंदळ माकुडीचंही तसंच. शिवनेरीसारख्या कातळांवर वाढणारी ही ताऱ्यासारख्या फुलांची रसाळ वनस्पती बाल्कनीतल्या कुंडीतही कलमानं सहज वाढते. म्हणून लोक म्हणतात, वाचली. कुंड्या हजार झाल्या तरी कलमं दोन-तीन झाडांचीच असतील तर फार काही वाचलेलं नाही. पाच वेगवेगळ्या कड्यांवरची, क्रमांक लावलेली पन्नास रोपं मला जास्त मोलाची वाटतात.

आता वड. अडीचशे वर्षांहून जुना म्हणतात, म्हणजे बागेहूनही आधीचा. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत मुख्य खोड उघडं पडलं, बुरशी शिरली, आणि १९२५ मध्ये ते कापून काढावं लागलं. त्याचा घेर तेव्हा पंधरा मीटरच्या वर होता. आज साडेतीन हजारांहून जास्त पारंब्या जमिनीत रोवल्या आहेत आणि त्यांच्यावर फांद्यांचा मांडव उभा आहे. तो सबंध मांडव एकाच बीजाचा, म्हणून झाड तेच. वडाला मधलं खोड लागतंच असं नाही, आपल्याला ते असावंसं वाटतं म्हणून आपण शोधतो. फांदी पुढे सरकते, ठरावीक अंतरावर पारंबी खाली येते. माळी कोवळ्या पारंबीला पोकळ बांबूत घालून जमिनीपर्यंत आणतो, म्हणजे ती वाळत नाही आणि येणारे-जाणारे तिला लोंबकळत नाहीत. जमीन लागली की दोनेक पावसाळ्यांत तिचं खोड होतं. झाडाभोवती रस्ता बांधला होता, तुम्ही त्यावरून फेरी मारली असेल. झाड तो केव्हाच ओलांडून पलीकडे गेलं आहे. पुन्हा गेलात तर सूर्य उगवतो त्या बाजूनं सुरुवात करा, फांद्या तिकडे जास्त पळाल्या आहेत.